पाण्याच्या गाडीला डिझेल

मालवाहू गाड्यांच्या शोरूममध्ये माझी नोकरी आहे. जालना रोडवर, चिकलठाण्याच्या अलीकडं. आधी मागच्या वर्कशॉपमध्ये होतो, हात काळे करत. मग गुडघे कुरकुरायला लागले तसं मला पुढच्या काचेच्या खोलीत आणून बसवलं. पिकअप बघायला आलेलं गिऱ्हाईक आधी टायरला लाथ मारून बघतं, हौद्यात डोकावतं, दार दोनदा आपटून बघतं आणि मग माझ्यासमोर खुर्ची ओढून विचारतं, "डिझेल घेऊ का सीएनजी?"

लोक वजनावरून ठरवतात. माल जड म्हणजे डिझेल, माल हलका म्हणजे दुसरं काहीतरी. आमच्या वडिलांच्या काळात ते खरंही होतं. डिझेल ओढतं, यात आजही खोटं काही नाही. पण नव्या नियमांची इंजिनं आल्यापासून डिझेल गाडीच्या सायलेन्सरच्या वाटेत एक फिल्टर बसतो. आम्ही त्याला जाळी म्हणतो. धुरातली काजळी ती जाळी अडवते. इंजिन चांगलं तापून अर्धा-पाऊण तास एका दमात पळालं, की अडकलेली काजळी आतल्या आत जळून जाते आणि जाळी मोकळी होते. गाडी मात्र पळाली पाहिजे. दोन किलोमीटर चालून थांबणारी, पुन्हा दोन किलोमीटर चालून थांबणारी गाडी असेल तर जाळी तापतच नाही. काजळी साठत जाते, डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागतो, मग गाडी ओढायची बंद होते.

म्हणून मी गिऱ्हाईकाला वजन विचारत नाही. मी विचारतो, "एकदा स्टार्टर मारला की न थांबता किती वेळ चालते तुमची गाडी?" पैठणकडचा मोसंबीवाला म्हणतो, रात्री भरली की सकाळी मार्केटला. त्याला डोळे झाकून डिझेल. गल्लोगल्ली किराणा टाकणारा म्हणतो, कुठली चालते साहेब, नुसती थांबते. त्याला सीएनजी, नाहीतर पेट्रोल.

हा प्रश्न मी कितीजणांना विचारला असेल, मोजदाद नाही. एका माणसाला विचारला नाही. ते माझे दाजी, थोरल्या बहिणीचे यजमान. न विचारल्यामुळं त्यांच्या गळ्यात चुकीची गाडी पडली, ते एक असो. पण ती चूक झाकायला म्हणून मी जे केलं, त्यात एका तिसऱ्याच माणसाची नोकरी गेली आणि नाव गेलं. चार वर्षं मी ते कुणाजवळ बोललो नाही. बायकोजवळही नाही. मुळात मी कमी बोलतो. घरातले त्याला स्वभाव म्हणतात. त्यातला किती स्वभाव आणि किती भीती, हे मलाच आताआता कळायला लागलंय.

दाजींचा वाळूजला, रांजणगावच्या बाजूला, पाण्याचा प्लांट आहे. बोअरचं पाणी शुद्ध करायचं, थंड करायचं, वीस लिटरच्या जारमध्ये भरायचं आणि कंपन्यांच्या गेटवर, दुकानांत, बँकेत पोचवायचं. आमच्या शहरात नळाला पाणी कधी येईल हे सांगता येत नाही, त्यामुळं या धंद्याला मरण नाही. आक्का हिशेब आणि माणसं बघते, दाजी गिऱ्हाईकं बघतात.

नवी पिकअप घ्यायचं त्यांचं चाललं होतं तेव्हा आमच्या पुतणीचा साखरपुडा होता. मांडवात दहा-बारा माणसं खुर्च्या गोल करून बसली होती. गाड्यांवर बोलणं निघालं. दाजींनी लांबूनच मला हाक मारली.

"ओ मेव्हणे, इकडं या. ह्यांना सांगा जरा. सीएनजीवाले लई मागं लागलेत माझ्या."

आता हे सांगायला लाज वाटते, पण सांगतो. दाजींनी चार माणसांत मला असं कधी बोलावलं नव्हतं. त्यांच्याकडं जमीन, प्लांट, गावात शब्दाला वजन. मी मेकॅनिक मेव्हणा. लग्नकार्यात कुणाची गाडी बंद पडली की आठवण यायची ती माझी. त्या दिवशी त्यांनी शेजारची खुर्ची हातानं पुसून मला दिली. सगळे माझ्या तोंडाकडं बघायला लागले. तो प्रश्न माझ्या ओठावर होता. पण तो विचारला असता तर 'बघतो, हिशेब करून सांगतो' असं काहीतरी मिळमिळीत झालं असतं. मी मांडी बदलली आणि म्हणालो,

"पाण्याला डिझेलच, दाजी. दुसरं बघूच नका."

"झालं!" दाजी मांडीवर थाप मारत म्हणाले. "घरचा डॉक्टर असल्यावर बाहेरचं औषध कशाला?"

लोक हसले. मीही हसलो. पाणी जड असतं एवढंच मी बघितलं. ते पाणी दोन-दोन किलोमीटरवर उतरतं, हे मला माहीत होतं. अगदी पक्कं माहीत होतं.

ती गाडी चालवायला जे होते त्यांना सगळे मामा म्हणायचे. पन्नाशी उलटलेले, बारीक अंगाचे, शर्ट नेहमी इस्त्रीचा. मिलिंदनगरसारख्या एका वस्तीत राहायचे. मला बघितलं की "जय भीम साहेब" म्हणायचे आणि मी मानेनं उत्तर द्यायचो. दाजींकडं ते आधीपासून जुना टेम्पो चालवत होते आणि त्यांची एक सवय वाखाणण्यासारखी होती. गाडी थांबली की इंजिन बंद. गेटवर सिक्युरिटीवाला रजिस्टर उघडतोय तेवढ्यातसुद्धा बंद. "मालकाचं डिझेल फुकट धूर व्हायला नको," म्हणायचे. दाजी इतर ड्रायव्हरांना त्यांचा दाखला द्यायचे.

जुन्या टेम्पोला ही सवय म्हणजे पुण्य होतं. नव्या गाडीला तेच विष झालं. जाळी जरा तापायला लागली की मामा चावी फिरवायचे.

तीन-चार महिन्यांत पिवळा दिवा लागला. मामा गाडी घेऊन आमच्या मागच्या वर्कशॉपला आले. घरची गाडी म्हणून मी स्वतःच तपासणीचं मशीन जोडून बघितलं. जाळी काजळीनं भरली होती. मशीननंच इंजिन तापवून जाळी मोकळी करता येते. ती मी तिथल्या तिथं करून दिली. पण हे पुन्हा होणार, पुन्हा पुन्हा होणार, हे दिसत होतं. मामांना बाजूला घेतलं आणि जाळीचं सगळं समजावून सांगितलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं.

"म्हंजी साहेब, गाडीला पळायला पाहिजे."

"हां."

"आन आपली गाडी तर पळतच नाय."

"हां."

"मग ही गाडी आपल्या कामाची नाय म्हणा की."

एवढ्या सरळ शब्दांत ते मी स्वतःलाही म्हटलं नव्हतं. मी म्हणालो, "तसं नाही मामा. आठवड्यातून एकदा हायवेला काढायची. झाल्टा फाट्याच्या पुढं रस्ता मोकळा आहे. पाचोडपर्यंत जायचं, मधे कुठं थांबायचं नाही, तसंच परत यायचं. एवढं केलं की गाडी ठणठणीत."

"मालकाला इचारतो."

"नका विचारू," मी म्हणालो. "उगं त्यांच्या डोक्याला ताप. नव्या गाडीला असं करावं लागतं म्हटल्यावर माणूस घाबरतो. डिझेलचं मी बघतो. तुम्ही फक्त फेरी मारा."

मामांनी माझ्याकडं बघितलं. त्यांना सगळं कळलं असावं. माणूस आयुष्यभर मालकांच्या शेजारी बसून गाडी चालवतो, त्याला कोण काय झाकतंय ते कळतं. ते म्हणाले, "बरं. तुमचा शब्द."

मग दर आठवड्याला, कंपन्यांना सुट्टी असायची त्या दिवशी, ती पिकअप रिकामीच पाचोडला जाऊन यायची. दाजींना वाटायचं मामा गाडी धुवायला नेतात. डिझेलचे पैसे मी मामांच्या हातात ठेवायचो. हिशेबात कुठं काही दिसू नये याची मी काळजी घेतली होती. तेव्हा मला ती हुशारी वाटली.

एकदा मीही गेलो त्यांच्याबरोबर. ती फेरी चांगली आठवते. झाल्टा फाटा सोडला, मामांनी काच खाली केली आणि गाडी लयीत धरली. आडूळ मागं पडलं. बोनेटखालून जरा उग्र, भाजल्यासारखा वास यायला लागला.

"जळायला लागली का साहेब?"

"लागली."

"जळू द्या. गाडीचं बरं हाय, तासभर पळवली की आतलं सगळं जळून जातं."

त्यात टोमणा होता की नव्हता, मी आजपर्यंत ठरवू शकलो नाही. पाचोडला त्या दिवशी बाजार होता. मामांनी गाडी कडेला लावली. चहाच्या गाड्यावरचा माणूस त्यांना ओळखत होता.

"आले का मामा? काय आणलं आज?"

"काय नाय."

"मग काय न्यायचं हाय?"

"काय नाय."

"दर आठवड्याला रिकामे येता, रिकामे जाता. पोरगी बघायला येता काय?"

"मिशी पिकली माझी, आता कसली पोरगी बघतो. गाडीला हवापालट लागतो, म्हणून आणतो." मामांनी माझ्याकडं बघून डोळे मिचकावले. सगळं गुपित पोटात ठेवून त्या माणसाला हसत होते ते. मला त्यांचा फार आधार वाटला. एवढा की परत येताना त्यांनी घेऊन दिलेली मेथीची जुडी मी नको म्हणायचंही विसरलो.

असं वर्षभर चाललं. गाडी खरोखर ठणठणीत राहिली. दाजी भेटेल त्याला सांगायचे, आमच्या मेव्हण्यानं गाडी निवडून दिली.

मग पाचोडकडच्या त्यांच्या एका पाव्हण्यानं फोन केला. तुमची गाडी दर बाजाराला इकडं दिसते, म्हणाला, कुणाचा माल टाकता?

दाजींनी आधी मीटर बघितलं. किलोमीटर जुळेनात. डिझेलची बिलं बघितली. ती बरोबर होती, आणि नेमकं त्यामुळंच त्यांचा संशय पक्का झाला. गाडी जास्त चालली आणि मालकाचं डिझेल जास्त गेलं नाही, म्हणजे कुणीतरी बाहेरचा माणूस डिझेल भरून गाडी वापरतोय. म्हणजे ड्रायव्हर भाडी मारतोय. त्यांच्या जागी मी असतो तर मलाही हेच वाटलं असतं. माझ्या हुशारीचा हा परिणाम.

मी त्या सकाळी प्लांटवर होतो ते योगायोगानं. आक्कानं डबा करून ठेवला होता, तो घ्यायला गेलो होतो. जार धुणाऱ्या पाच-सहा बाया ओळीनं बसल्या होत्या, आक्का टेबलाशी होती, गाडी भरून तयार होती. दाजी बाहेर आले.

"पाचोडला कुणाचा माल टाकतो रे दर आठवड्याला?"

एवढी वर्षं ते मामांना अहोजाहो करत होते. त्या 'रे'नंच सगळं ठरून गेलं. बायांचे ब्रश थांबले.

"कुणाचाच नाय मालक."

"मग काय हवा खायला जातो?"

मामा हौद्याची कडी लावायला लागले.

"डिझेल कोण भरतं? बोल की. माझ्या गाडीवर भाडी मारायची आन वर इमानदारीचा आव आणायचा. गेटवर गाडी बंद करतो म्हणं, मालकाचं डिझेल वाचवतो म्हणं. लोकांना मी तुझा दाखला देत होतो लेका!"

मामांनी माझ्याकडं बघितलं. फार वेळ नाही. तेवढ्या वेळात मी तीन शब्द बोललो असतो तरी पुरलं असतं. मी काय केलं? मी खाली वाकलो आणि मागच्या टायरची हवा बघायला लागलो. अंगठ्यानं टायर दाबून बघत होतो. हवा बरोबर होती.

"चावी घ्या मालक," मामांचा आवाज वरून आला. त्यांनी सीटवरचा पंचा घेतला, डबा घेतला. गेटपर्यंत चालत गेले. मी उठलो तेव्हा ते रस्त्याला लागले होते.

एक गोष्ट लिहायची टाळत होतो, तीही लिहून टाकतो. मामांच्या जागी आमच्या नात्यातला, आमच्या गावाकडचा कुणी असता, तर दाजींनी त्याला आत खोलीत बोलावून विचारलं असतं. चहा देऊन विचारलं असतं. बाहेर, बायांसमोर, ओरडून नाही. आणि मी टायरकडं वाकलो तेव्हा माझ्याही मनात कुठंतरी हिशेब होता, की मामांवरचा आळ टिकेल, कुणी खोदून विचारणार नाही. हे मी तेव्हा शब्दांत म्हटलं नव्हतं. शब्दांत म्हणावं लागतच नाही, तसं ते असतं.

त्यानंतर मला वाटलं होतं, सगळं मिटलं. खोटं एकदा बोललं की संपत नाही, त्याची रोज निगा राखावी लागते, हे नंतर कळलं. नवा ड्रायव्हर आला. त्याला पाचोडला पाठवायची माझी हिंमत नव्हती. मग 'सर्व्हिसिंग आहे' म्हणून गाडी मागवायची आणि मशीन लावून जाळी मोकळी करायची, असं मी बरेच महिने केलं. शेवटी जाळी कायमची चोंदली, बदलावी लागली. दाजी म्हणाले, "त्या पहिल्या ड्रायव्हरनं वाट लावली असंल, भाडी मारून मारून." मी मान हलवली. टायरकडं वाकलो ते निदान नुसतं गप्प बसणं होतं. हे मान हलवणं मात्र माझं स्वतःचं होतं. ती कुणी हलवायला सांगितली नव्हती.

आक्का एकदोनदा म्हणाली, "मामा तसा नव्हता रे." मी म्हणायचो, "माणसाचं काय सांगता येतं?"

मामा नंतर चिकलठाण्यात एका कंपनीच्या गेटवर वॉचमन म्हणून लागले. माझ्या नोकरीच्या रस्त्यावरच. पहिल्यांदा दिसले तेव्हा त्यांनी नेहमीसारखा हात वर केला. दुसऱ्या दिवसापासून मी मागच्या गल्लीनं जायला लागलो.

या वर्षी दाजींचं काम वाढलं, दुसऱ्या गाडीचं ठरलं. या खेपेला मांडव नव्हता. ते आणि आक्का सरळ शोरूममध्ये आले, गिऱ्हाईकासारखे माझ्यासमोर बसले. काचेबाहेर जालना रोड वाहत होता. दाजींनी टेबलावरचं माहितीपत्रक बाजूला सारलं.

"ते कागद नको दाखवू. पहिलीसारखी दे. डिझेलच ना?"

खरं बोलायचं तर मी आधीपासून काही ठरवलं नव्हतं. धैर्य वगैरे काही नाही. 'हां' म्हणायला तोंड उघडलं, आणि डोळ्यांपुढं पुढची चार वर्षं आली: पुन्हा मशीन, पुन्हा सर्व्हिसिंगचा बहाणा, पुन्हा कुणीतरी ड्रायव्हर. थकवा आला मला. त्या थकव्यानं मी बोललो.

"दाजी, गाडी एकदा सुरू केली की न थांबता किती वेळ चालते?"

ते हसले. "तुला माहीत नाय व्हय? गेट आलं की थांबते."

"मग सीएनजी घ्या."

"आन पहिलीला डिझेल दिलं ते?"

"चुकीचं दिलं."

मग मी सगळं सांगितलं. जाळी, पिवळा दिवा, पाचोडच्या फेऱ्या, डिझेल मी भरत होतो ते, मामांना गप्प राहायला मी सांगितलं ते. सांगताना मी टेबलाच्या काचेखालच्या किमतीच्या तक्त्याकडं बघत होतो. संपल्यावर वर बघितलं. दाजींचा चेहरा लाल नव्हता. ते ओरडतील, अशी तयारी ठेवली होती. ते ओरडले असते तर मला सोपं गेलं असतं.

"म्हंजी तो माणूस भाडी मारत नव्हता," ते म्हणाले.

"नाही."

आक्का म्हणाली, "तू तिथं होतास त्या दिवशी. डबा न्यायला आला होतास."

"हां."

"टायर बघत होतास."

"हां, आक्का."

तिनं पर्स मांडीवरून उचलून टेबलावर ठेवली, परत मांडीवर घेतली. दाजी खाकरले. "बरं, झालं ते झालं. चार वर्षं झाली. त्यालाबी दुसरीकडं काम लागलंच की. तू सीएनजी बुक कर."

"बुक नंतर करा," आक्का उठली. "आधी मामाकडं चला. दोघंबी."

मामांचं गेट पाच मिनिटांवर होतं. निळा गणवेश, छातीला शिट्टी. आम्हाला तिघांना बघून ते केबिनमधून बाहेर आले, आक्काला नमस्कार केला, आत जाऊन एकच खुर्ची होती ती तिच्यासाठी आणली. मी बोलायला लागलो. माझा आवाज माझ्याच शर्टात पडत होता. चूक झाली, मी तेव्हा बोलायला पाहिजे होतं, असं काहीतरी. दाजी म्हणाले, "मामा, माझ्याकडूनबी बोलणं जास्त झालं."

मामांनी मधेच एका टँकरला फाटक उघडून दिलं, नंबर लिहून घेतला आणि परत आले.

"साहेब, त्या दिवशी तुम्ही बोलाल म्हणून थांबलो मी," ते म्हणाले. "वाटलं, आता उठतील, आता बोलतील. मग वाटलं, मालकासमोर अवघड झालं असंल, उद्या सांगतील. महिनाभर वाट बघितली."

त्यांनी टँकरचा नंबर लिहिलेलं रजिस्टर मिटलं.

"आज तुम्ही मला सांगताय. पण मला सांगून काय उपयोग? मला तर माहीतच हाय."

"मग काय करू मामा?"

"मालक त्या दिवशी मोठ्यानं बोलले होते. बाया होत्या. आमच्या वस्तीतल्या दोघी होत्या त्यात. संध्याकाळच्या आत घरोघरी झालं. माझी बायको वर्षभर नळावर पाण्याला गेली नाय. तिचाबी माझ्यावर पुरता विश्वास नव्हता, खोटं कशाला बोलू. ती म्हणायची, पाचोडला जात होता हे तर खरं ना? मी म्हणायचो खरं. मग का जात होता? ते सांगायचं तर तुम्हाला दिलेला शब्द मोडावा लागला असता." ते दाजींकडं वळले. "तिथंच बोला. त्याच बायांसमोर. मी माझ्या बायकोला घेऊन येतो सुट्टीला."

दाजींच्या कपाळाला आठी पडली. आपल्या प्लांटवर, आपल्या मजुरांसमोर, आपल्याच मेव्हण्याची अब्रू. मला ते दिसलं. त्यांनी आक्काकडं बघितलं. आक्का म्हणाली, "किती वाजता येता?"

मामांची सुट्टी आली त्या सकाळी मी रजा टाकली. प्लांटवर त्या जुन्या बायांपैकी चौघी अजून होत्या. मामा इस्त्रीच्या शर्टात आले, मागं मामी, डोक्यावरून पदर घट्ट. दाजी दारात उभे राहिले, आत गेले नाहीत, बाहेरही पुरते आले नाहीत.

मी सुरुवात केली. धुलाईचं मशीन चालू होतं.

"काय म्हणतात?" एकीनं दुसरीला विचारलं.

"ऐकू येत नाय बाई. साहेब, जरा जोरात बोला."

आक्कानं मशीन बंद केलं. मी पुन्हा पहिल्यापासून बोललो, मोठ्यानं. माझा मोठा आवाज मला परका वाटला. पाचोडला मामांना मी पाठवत होतो. डिझेल मी देत होतो. त्यांनी एक पैशाचं भाडं मारलं नाही. त्यांना आळ लागला तेव्हा मी इथंच होतो आणि बोललो नाही.

"इथंच होता?" त्यांच्यातली वयस्कर बाई म्हणाली. "मग काय करत होता?"

"टायरची हवा बघत होतो."

कुणीतरी फिसकन हसलं आणि लगेच थांबलं.

"मी म्हणतच होते, मामा तसले नाय," दुसरी म्हणाली.

"तू कधी म्हणत होतीस? तूच तर सांगत फिरलीस वस्तीत. माझ्या घरी येऊन सांगितलंस, चहा पिऊन गेलीस," वयस्कर बाई तिला म्हणाली.

"आता मालकानंच म्हटल्यावर..."

"मालकानं म्हटलं व्हय," दारातून दाजी म्हणाले. "माझं चुकलं." दोनच शब्द, पण सगळ्यांना ऐकू गेले. मग ते मामांकडं आले. "नवी गाडी येतीय, सीएनजीची. तुम्हीच घ्या चालवायला."

"नको मालक. तिथं पीएफ कापतात, वर्षाला दोन गणवेश देतात. शिट्टीबी दिलीय." मामा जरा हसले. "आन आता कुणाच्या गाडीचं गुपित ठेवायची ताकद नाय राहिली."

मामी तोवर एक शब्द बोलल्या नव्हत्या. त्या माझ्याकडं बघतील असं वाटलं, बघितलं नाही. मी त्यांच्या लेखी तिथं नव्हतोच. त्या ओल्या फरशीवरून साडी सावरत, वस्तीत सांगत फिरलेल्या त्या बाईसमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"ते जसं घरोघरी सांगितलंस, तसंच हेबी सांगायचं. एक घर सोडायचं नाय. चहा मी पाजते."

"सांगते वहिनी."

"कधी?"

"आजच सांगते. सुटले की."

"मी नळावर असते सहाला," मामी म्हणाल्या. "तिथंच ये. तिथनंच सुरू कर."

त्या बाईनं मान हलवली आणि ब्रश हातात घेतला. आक्कानं मशीन पुन्हा चालू केलं. मामा आणि मामी गेटकडं चालत गेले. मी तिथंच ओल्यात उभा होतो, आणि मला कुणी बस म्हणालं नाही.